‘रिकाम्या लोकांची हौस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

घरी बियांपासून रोपं कशी करावीत यावरच्या माझ्या गेल्या लेखाखाली ‘एक स्पष्टवक्ता’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळी लिहायला बसले, पण उत्तर वाढत गेलं, म्हणून इथे वेगळं देते. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश: “ताई, तुमचं वाचून जूनमध्ये टोमॅटो पेरला. उगवला, आणि आठवड्यात सगळी रोपं कोलमडली. मंडईतल्या टोमॅटोचं बी लावा असं बिनधास्त सांगता, ते हायब्रीड असतं हे माहीत नाही का? फोटोखाली मिरची लिहिलंय, ती वांगी आहेत. नर्सरीत दहा रुपयांना रोप मिळत असताना हा खटाटोप म्हणजे रिकाम्या लोकांची हौस. आणि आता राहीबाईंचं उदाहरण देऊ नका.”

आधी फोटोचं. बरोबर आहे तुमचं. पान रुंद आहे, त्यावर लव आहे, म्हणजे वांगंच. मिरचीचं पान गुळगुळीत आणि टोकाकडे निमुळतं असतं. फोटोखालची ओळ बदलली आहे, धन्यवाद. कुणी बरोबर असलं की मी मान्य करते, इथे नियमित येणाऱ्यांना हे माहीत आहे.

आता ‘रिकाम्या लोकांची हौस’ या वाक्याकडे येते. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी समोरच्या बाईला रिकामी म्हणून मोकळं व्हायचं, ही स्पष्टवक्तेपणाची कुठली तऱ्हा? रोपं का कोलमडली एवढंच विचारलं असतंत तर सरळ उत्तर दिलं असतं. इथे लोक रात्री अकरा वाजता कुंडीचे फोटो पाठवतात, त्यांनाही देते. पण तुम्हाला बहुधा उत्तर नको होतं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. दिवाळीच्या मागेपुढे आमच्याकडे रब्बी कांद्याचं रोप टाकायचे. गादीवाफे ओढायचे, काडीनं रेघा मारून त्यात उळं, म्हणजे कांद्याचं बी, सोडायचं, वर बारीक चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यायचा आणि झारीनं पाणी शिंपायचं. एकदम पाट सोडला की बी वाहून वाफ्याच्या कोपऱ्यात गोळा होतं. पन्नासेक दिवसांनी रोप लागणीला येतं, तोवर सकाळी धुकं पडलं की वडिलांच्या जिवाला घोर, कारण धुक्यामागून पानं वाळवणारा करपा रोग येतो. हे उळंही घरचंच असायचं. कांदाचाळीतले निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुटू द्यायचे. मधमाश्या फिरकल्या नाहीत तर गोंड्यात बी भरत नाही, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी बंद. आई वांग्याचं बी राखेत घोळून ठेवायची. दोडका वेलावरच वाळू द्यायची आणि अख्खा आढ्याला टांगायची. या दोन माणसांना रिकामा वेळ कधी होता, मला तरी आठवत नाही.

आणि हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. शाळेतून आल्यावर वाफ्यातलं तण काढायला आम्हा बहिणींनाच बसवायचे. कांद्याचं कोवळं रोप आणि गवताची काडी यांतला फरक बोटांना कळायला किती वेळ लागतो, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

२०२० साली काय झालं ते बहुधा विसरलात. पावसात टाकलेली रोपं सडली, लोकांनी पुन्हा टाकली, बियाण्याचे भाव भडकले आणि ऑक्टोबर संपता संपता केंद्र सरकारनं कांदा बियाण्याची निर्यातच बंद केली. त्या हंगामात आमच्या गावी ज्यांच्या घरात डोंगळ्याचं बी शिल्लक होतं, त्यांच्या दारात नातलग पिशव्या घेऊन उभे होते. हौस म्हणून नव्हे.

तुम्ही म्हणाल, कुठे निफाडचं शेत आणि कुठे नाशिकच्या फ्लॅटची बाल्कनी. ठीक आहे, बाल्कनीचं बोलू. दहा रुपयांचं रोप घेताना वाण कोणता हे एकदा विचारून बघा. ‘टोमॅटो आहे, मोठा येतो’ यापुढे उत्तर जात नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा धनश्री आहे, भाग्यश्री आहे, की कुठल्या कंपनीचं संकरित, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याचाही दोष नाही, त्याला ट्रे कुठून तरी आणून दिलेले असतात. रोपाचं वय विचारा. टोमॅटोचं रोप साधारण चार आठवड्यांचं झालं की लावायचं. विकलं गेलं नाही तर तेच रोप त्या इवल्याशा पिशवीत महिना महिना उभं असतं, मुळं तळाशी गोल गोल फिरत राहतात. मग उपासमारीनं त्याला एखादं फूल येतं आणि गिऱ्हाईक नेमकं तेच उचलतं, कारण फूल दिसतंय! पानामागे पांढरी माशी बसलेली असेल तर पानं मुरडणारा विषाणूही त्याच दहा रुपयांत घरी येतो.

आणि मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, गवार, भेंडी? यांची रोपं तुमच्या नर्सरीत कितीला मिळतात? मुळा-गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ वेडंवाकडं होतं, दोन-तीन फाटे फुटतात. ते जागेवरच पेरावं लागतं. धने हलक्या हातानं रगडून दोन फाकी करायच्या आणि पेरायच्या. स्वयंपाकघराला रोज लागणारी निम्मीअधिक हिरवाई अशी थेट बियांतूनच येते. तिथे तुमचा दहा रुपयांचा हिशोब कुठे बसवायचा ते सांगा.

हिशोबच हवा असेल तर माझाही घ्या. चहाचे वापरलेले कागदी कप, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, तळाला भोकं, आत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं गांडूळखत. टोमॅटोच्या एका ग्रॅम बियाण्यात २५० ते ३०० दाणे असतात. पाकीट फोडल्यावर उरलेलं बी कोरडं ठेवून घट्ट झाकणाच्या डबीत घातलं तर पुढची तीन-चार वर्षं बऱ्यापैकी उगवतं. कांद्याचं मात्र वर्षापलीकडे नेऊ नये. यात पैसेवाल्यांची हौस कुठे दिसली?

राहीबाईंचं उदाहरण मी देणारच नव्हते. मूळ लेखातही त्यांचं नाव नाही, हवं तर पुन्हा वाचा. पण जे बोललेच नाही त्यावर आधीच बंदी घालायची, याला काय म्हणावं? आता देतेच. राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांना तुम्ही रिकाम्या म्हणणार का? म्हणणार नसाल, तर हे विशेषण शहरातल्या बायकांपुरतं राखून ठेवलंय असं मी समजते. ‘बायका’ असा शब्द तुम्ही वापरलेला नाही हे मला दिसतंय. पण बागेवर लिहिणाऱ्या पुरुषांच्या लेखांखालीही मी प्रतिक्रिया वाचते. तिथे त्यांना ‘सर, मार्गदर्शन करा’ असतं.

हायब्रीडचं म्हणाल तर माहीत आहे हो. मंडईतला बहुतेक टोमॅटो संकरित असतो, त्याच्या बियांतून आलेल्या झाडांत गुण वेगवेगळे फुटतात. एकाला बरी फळं, दुसऱ्याला गोटीएवढी. लेख आयुष्यात पहिल्यांदा बी हातात घेणाऱ्यांसाठी होता. त्यांचा हात फुकटच्या बियांवर बसावा, पाकीट नंतर आणावं, एवढाच हेतू. तो लेखात पुरेसा स्पष्ट होता की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही.

राहता राहिलं कोलमडणं. जूनचा पाऊस, कोंदट हवा, चिंब माती. पिथियमसारख्या बुरशीला आणखी काय लागतं? मातीलगतचा देठ पाणचट होतो, सुतासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. तुम्ही दाट पेरलंत आणि पाणी जास्त दिलंत. मी पाहिलेलं नाही, पण दुसरं काय असणार? ‘विरळ पेरा’ असं लेखात आहे. ‘जूनमध्ये पेरा’ असंही आहे, कबूल, पण त्याचा अर्थ कुंडी पावसात उघडी सोडा असा कुणी काढेल असं वाटलं नव्हतं.

पुन्हा करायचं असेल तर गणपती उठल्यावर करा, पावसाचा जोर तोवर ओसरतो. गेल्या वेळची माती घेऊ नका, तीत बुरशी बसलेली असते. नवं मिश्रण घ्या, त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, मिसळा. एका कपात दोनच दाणे, पाव इंच खोल. पाणी सकाळी, तेही वरचा थर सुकल्यावर. साधारण आठवड्यात उगवेल, मग लगेच उजेडात आणा, नाहीतर उंच वाढून लुळं पडेल. उगवतानाच्या दोन दलांनंतरची पहिली खरी पानं आली की दोनपैकी अशक्त रोप कात्रीनं कापा. उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतात. मिरची करणार असाल तर ती डिसेंबरात टाकू नका. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा तिचं बी मातीत नुसतं पडून राहतं. जानेवारी सरता सरता, ऊब आल्यावर टाका.

आणि एवढा वेळ नसेल तर नर्सरी आहेच. फक्त पैसे देण्याआधी पानं उलटून बघा, आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं द्या.