परभणीकर समुद्राकाठी घर बघतात

मराठवाड्यातला माणूस घर बघायला गेला की आधी नळ सोडतो. पाणी आलं तर विचारतो, "किती दिवसाआड?" मग बोअर किती फुटांचा, उन्हाळ्यात टँकर गल्लीत वळतो का. एवढ्यावर घर पास झालं, की भिंतीला बोट जाईल एवढी भेग असली तरी "काळ्या मातीत चालायचंच" म्हणून आम्ही पुढे सरकतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मुलखात घर बघायची हीच रीत बरोबर आहे, असं माझं अजूनही मत आहे.

पण निवृत्तीचे पैसे बँकेत पडले आणि बायकोनं जाहीर केलं, "जन्मभर काठी घालून टाकीतलं पाणी मोजलं. आता जरा भरपूर पाणी बघू द्या." श्रीवर्धनजवळच्या एका गावातल्या बंगलीचे फोटो एजंटनं पाठवलेच होते. नारळ, कौलं, झोपाळा. समुद्र इतका जवळ की फोटोतच पाय ओले व्हावेत.

मेहुणे बाळासाहेब न बोलावता गाडीत बसले. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ नंतर, त्यांनी माळवद उतरवून स्लॅबचं घर बांधलं, तेव्हापासून बांधकाम या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "दाजी, इंजिनिअर कामून लावायलाव? मी हाव की." तरीही ओळखीतून तिकडचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवला होता. ताम्हिणी उतरून आम्ही पोचलो तेव्हा तो पोरगा हातोडी घेऊन अंगणात उभा होता. त्याच्याकडे बघून एजंटचा चेहरा उतरला, तेव्हाच मला त्याची फी वसूल झाल्यासारखं वाटलं.

घराला रंग ताजा होता. बाळासाहेबांनी भिंतीवर थाप मारून "एक नंबर" म्हटलं. पोरानं रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो गेला खिडकीच्या बिजागरीकडे. खिळा अंगठ्यानं दाबला, तर त्याचं डोकं तांबडी भुकटी होऊन हातात आलं. मग एसीचं बाहेरचं युनिट. त्याच्या जाळीवरून त्यानं नख फिरवलं आणि पातळ पत्र्याच्या पट्ट्या झरझर खाली गळल्या. "खारं वारं," तो म्हणाला. "इथं स्टीलसुद्धा ३१६ ग्रेडचं घ्यायचं. बाजारातलं साधं स्टेनलेस चार पावसाळ्यांत डाग धरतं." आमच्याकडे स्टेनलेस म्हणजे लग्नात आलेली पातेली. ती अजून नवी आहेत.

मग स्लॅब. हातोडीचा आवाज टण, टण, टण असा येत होता आणि एका जागी ढप. पोरगा थांबला. आम्हीही थांबलो. एजंट झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शिसवी आहे हां." पोरानं ढप वाजलेल्या जागचं पोपडं उकललं. आत सळई, फुगलेली, थर थर सुटलेली. हवेतलं मीठ ओलीबरोबर काँक्रीटमध्ये झिरपतं, सळईपर्यंत पोचलं की ती गंजते. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतूनच स्लॅब फोडतो. पोरानं पट्टी लावली. सळईवर काँक्रीट जेमतेम दोन सेंटिमीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य हवेत सळईवर २० मिलिमीटर थर, म्हणजे कव्हर, चालतं, पण जिथं समुद्राचे तुषार येतात तिथं ५० हवं.

"आमच्याकडं मिस्त्री सळई दिसू नये एवढंच बघतो," बाळासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी शंका होती. त्यांना स्वतःचा स्लॅब आठवला असावा.

विहिरीपाशी मात्र आम्ही शेर. बाळासाहेबांनी खिशातून टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. (परभणीत तो काहींच्या खिशात पेनाच्या शेजारी असतो.) आकडा आला ९००. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत बरं, म्हणून पोरानं कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही एकमेकांकडे बघून खूश! आमच्या बोअरपेक्षा गोडच होतं की. त्यानं शांतपणे सांगितलं, "उन्हाळ्यात जास्त उपसलंत तर समुद्र आत सरकतो. मग गोडं पाणी परत यायला वेळ लागतो." पाणी आटतं हे आम्हाला ठाऊक होतं. पाणी न आटता बिघडतं, ही धमकी नवीन होती.

छपराची कौलं अर्धी काळी, अर्धी लालभडक. एजंट सांगत होता, "इथं निसर्ग भरपूर आहे, साहेब." पोरगा वर बघत म्हणाला, "३ जून २०२० लाही होता. त्या निसर्ग वादळात ही बाजू उडालेली दिसते." एजंटनं पुन्हा झोपाळ्याचा विषय काढला.

आता राहिलं सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. भरतीरेषेपासून घर किती लांब, हा मोठाच प्रश्न. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या गावात २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, दाट वस्तीच्या गावात ५० मीटर. दरवर्षी धुऱ्याची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला हे काय अवघड? बाळासाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, थेट पाण्यात जाऊन उभे राहिले आणि तिथून मोठ्यानं आकडे म्हणत पावलं टाकत आले. "दाजी, अडीचशे भरतंय! घ्या बिनघोर!"

"काका," पोरगा म्हणाला, "आत्ता ओहोटी आहे."

भरतीरेषा सरकारी नकाशावर असते, पाण्याला विचारून ठरत नाही, हे समजावताना त्याचा घाम निघाला. सातबारा उघडल्यावर आमचा निघाला. हिस्सेदारांची नावं उताऱ्याच्या खालपर्यंत गेलेली, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही वर. एजंट म्हणाला, "सह्या होतील." कधी, ते बोलला नाही.

रिपोर्ट आला तो स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च, विहिरीच्या पाण्याची क्लोराइड तपासणी, वाळवीचा उपचार आणि कौलांखालच्या वाशांची यादी घेऊन. बायकोनं तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, "भाव पाडून मागा." मला तिचं पटलं. तपासणी न करता नुसता झोपाळा बघून सही करणारे बरेच असतात, आणि एजंट त्यांच्याच जिवावर जगतो.

रिपोर्टच्या शेवटी पोरानं लिहिलं होतं, 'ओल नेमकी कुठून येते ते उन्हाळ्यात कळत नाही. जुलैच्या धो-धो पावसात चार दिवस राहून पाहावे, मगच सौदा करावा.'

मी ते बाळासाहेबांना फोनवर वाचून दाखवलं.

"जुलैत?" ते ओरडले. "आन् दुबार पेरणी काय तो पोरगा करणाराय?"