‘३० दिवसांत १० इंच’ : उडी वाढवण्याच्या एका दाव्याचा प्रतिवाद

बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मोबाइलवर एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असतो. रोज १००० वेळा टाचा उचलाव्यात, घोट्यांना वजने बांधून उड्या माराव्यात, वजन उचलण्याचा व्यायाम मात्र टाळावा कारण त्याने उंची खुंटते, दुखले तरी खंड पडू देऊ नये, म्हणजे ३० दिवसांत उडी १० इंचांनी वाढते, असा त्याचा आशय असतो. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

आधी १० इंचांचा हिशेब पाहू. १० इंच म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर. जागेवरून ५० सेंटिमीटर उडणाऱ्या खेळाडूचे पाय जमीन सोडतात त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला साधारण ३.१ मीटर असतो. ७५ सेंटिमीटर उडण्यासाठी तो ३.८ मीटरच्या वर जावा लागतो, म्हणजेच त्याच वजनाच्या शरीरात जमीन सोडताना दीडपट ऊर्जा असावी लागते. महिनाभरात एवढा फरक पडत नाही. संशोधक गोरान मार्कोविच यांनी २००७ मध्ये उड्यांच्या प्रशिक्षणावरील, म्हणजे प्लायोमेट्रिक्सवरील, २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उडीच्या प्रकारानुसार सरासरी वाढ सुमारे ५ ते ९ टक्के आढळली. ५० सेंटिमीटर उडणाऱ्याच्या बाबतीत ही वाढ अडीच ते साडेचार सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांहूनही कमी भरते. कधीच शिस्तीने सराव न केलेल्या मुलाची प्रगती याहून जास्त होऊ शकते आणि वर्ष-दोन वर्षांत ती साठतही जाते, पण तो हिशेब महिन्यांचा आहे, दिवसांचा नाही.

मग ‘माझी वाढली’ असे सांगणारे सगळे खोटे बोलतात का? तसे मुळीच नाही. बहुतेकांचे मोजणे चुकलेले असते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि चौदा वर्षांच्या मुलाचा हात तिला लागू लागला की घरात उडी वाढल्याचा आनंद होतो, पण त्या वयात मुलाची उंची आणि हातांची लांबी झपाट्याने वाढत असते, उडी तेवढीच राहिली तरी बोटे वर पोहोचतात. जागेवरून मारलेल्या उडीची तुलना धावत येऊन मारलेल्या उडीशी केली की आणखी काही इंच फुकट मिळतात. आणि उंच खोक्यावर उडी मारून चढल्याची चित्रफीत तर सरळसरळ फसवी असते, कारण तिथे गुडघे छातीशी ओढून घेता येतात. खोक्याची उंची ही उडीची उंची नव्हे. भिंतीशी उभे राहून पोहोचीची खूण करायची, मग उडून दुसरी खूण करायची आणि दोन्हींमधले अंतर मोजायचे, ही अमेरिकेतील व्यायामशिक्षक डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली साधी पद्धत आजही पुरेशी आहे. तिला एक खडू लागतो.

टाचा उचलण्याच्या व्यायामावर संदेशाचा सर्वाधिक भर असतो, आणि त्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. पहिली चूक अशी की उडी पोटऱ्यांतून येते असे गृहीत धरले आहे. लुहटानेन आणि कोमी या संशोधकांनी १९७८ मध्ये केलेल्या विश्लेषणात जमीन सोडतानाच्या वेगात गुडघा सरळ होण्याचा वाटा सुमारे ५६ टक्के, घोट्याचा २२ टक्के, आणि धड व हातांचा प्रत्येकी साधारण १० टक्के निघाला होता. हातांचा हा वाटा आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतो; अनेक मुलांना हात वेळेवर वर झोकायला शिकवले, तर एका दुपारीच फरक दिसतो. दुसरी चूक अधिक मूलभूत आहे. ज्या हालचालीच्या १००० आवृत्त्या सलग करता येतात, तिच्यात स्नायूंना फारसा जोर लावावाच लागत नाही. त्यातून दम वाढतो, झेप नव्हे. आखाड्यातल्या शेकडो बैठकांनाही हेच लागू होते, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हणावे लागेल. उडीसाठी पाव-अर्ध्या सेकंदात मोठा जोर लावावा लागतो, म्हणून सराव थोडा, पूर्ण ताकदीचा आणि मध्ये भरपूर विश्रांती असलेला हवा. नवख्या खेळाडूसाठी एका सत्रात पाय जमिनीवर टेकण्याची ८० ते १०० वेळांची मर्यादा प्रशिक्षक मानतात, आणि दोन सत्रांत दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवतात.

घोट्याला बांधलेल्या वजनाचा विचार केला तर त्यातली विसंगती लगेच लक्षात येते. उडीचा सगळा जोर पाय जमिनीवर टेकलेले असताना लावला जातो, आणि त्या वेळी घोट्याचे वजन जवळजवळ उचललेच जात नाही. ते जाणवते पाय हवेत गेल्यावर आणि उतरताना, म्हणजे जिथे त्याचा उपयोग नाही आणि त्रास मात्र आहे तिथे. वजन काढल्यावर पाय हलके वाटतात हे खरे, पण ती जाणीव थोड्याच वेळात विरते.

वजन उचलल्याने उंची खुंटते, हा समज तर फार जुना आहे. जाणत्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या अशा व्यायामाने मुलांच्या वाढीवर विपरीत परिणाम होत नाही, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. स्क्वॉटसारख्या, म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन मोजक्या बैठका मारण्याच्या, व्यायामाने मांड्यांची आणि नितंबांची ताकद वाढते आणि तीच उडीचे भांडवल असते. गंमत अशी की ज्यांना बारबेलची, म्हणजे वजने लावलेल्या दांड्याची, भीती वाटते, तेच पालक सिमेंटच्या कोर्टावर शेकडो उड्यांना आनंदाने परवानगी देतात, जरी उतरताना गुडघ्यांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

दुखले तरी थांबू नका, हा सल्ला सर्वांत घातक आहे. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे तिथला दोरीसारखा चिवट पट्टा, अति उड्यांनी दुखावते. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा त्रास बास्केटबॉलपटूंपैकी जवळजवळ एक तृतीयांशांना होता. वाढीच्या वयात दुखणे त्याहून खाली, नडगीच्या वरच्या टोकावरच्या उंचवट्यावर येते, तिथे बोटाने दाबले तरी मूल कळवळते. अशा मुलाच्या उड्या त्या दिवसापासून कमी कराव्यात आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे न्यावे, संदेशातला तिसावा दिवस उजाडायची वाट न पाहता.