सावलीतलं वाळवण

गवती चहा लावायला अक्कल लागत नाही. कुणाच्या तरी अंगणातला ठोंब मुळासकट आणायचा, पाती वीतभर ठेवून छाटायची, कुंडीत खोचायचा आणि विसरून जायचं. ऊस-ज्वारीच्या कुळातलं गवत ते, वाढणारच. पुदिन्याचं तर विचारूच नका. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, आणि एकदा कुंडीत गेला की तो भाडेकरूसारखा हटायचं नाव घेत नाही. खरा छळ वाळवण्यात आहे.

जाणकार सगळे एकच सांगतात: सावलीत, कोरड्या, हवेशीर जागी वाळवा. उन्हात पुदिना काळा पडतो आणि ज्या सुगंधी तेलासाठी हा खटाटोप, तेच उडून जातं. आता डोंबिवलीच्या वन बीएचकेत सावली हवी तेवढी आहे. कोरडी आणि हवेशीर जागा मात्र फक्त बिल्डरच्या माहितीपत्रकात होती. जुलैत इथली आर्द्रता 80-90 टक्के. जिथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे पुदिना काय वाळणार? तो नुसता हताश होतो, आणि मग त्याला कुबट वास येतो.

त्यात आईचा सल्ला. तिची हयात पापड-कुरडयांच्या वाळवणात गेलेली. "सावलीत रंग जाणारे परकर वाळवतात," ती म्हणते, "खायची वस्तू उन्हात घालतात." मी तेल उडून जातं वगैरे सांगायला लागलो की ती कानातलं मशीन नीट करते, म्हणजे बंद करते.

पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उकाड्यात खरा हंगाम येतो. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर पानं घातली. पंखा पाचवर ठेवला तर पुदिना टीव्हीमागे जातो, एकवर ठेवला तर बायको माहेरी जाईन म्हणते. गवती चहाच्या जुड्या गॅलरीच्या ग्रिलला उलट्या टांगल्या, तर त्या कबुतरांनी पसंत केल्या. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे सध्या एक जोडपं लिंबाच्या वासाच्या घरट्यात नांदतं आहे. कपाटावर ठेवलेला पुदिना मात्र छान चुरचुरीत झाला होता. तो मावशींनी काढला. "दादा, वर पालापाचोळा साठला होता, सगळा झाडून घेतला," हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मी थँक्यू म्हणालो.

तुळशीची तर वेगळीच आचारसंहिता. रविवारी तोडायची नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. सोमवार ते शुक्रवार सकाळी लोकल गाठायची असते आणि घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. उरला शनिवार. त्या दिवशी द्वादशी आहे का, हे आई कालनिर्णय न बघता सांगते. बहुतेक वेळा असते, असा माझा संशय आहे.

यातून जे वाचतं, ते मूठभर. पुदिन्यात सुमारे 85 टक्के पाणीच, त्यामुळे परातभर पानांची चिमूट होते. बोटांत चुरल्यावर पान कुरकुरलं, काडी कट्कन मोडली, की मगच बरणीत भरायचं. दुसऱ्या दिवशी बरणीच्या आत दव दिसलं तर पुन्हा सगळं बाहेर, पुन्हा पंखा एकवर.

दिवाळीत साडू आले तेव्हा मी ती बरणी काढली. उकळतं पाणी ओतलं, वर झाकण ठेवलं, पाच मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. कप पुढे केला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, मग काळजीने विचारलं, "कुणाचं पोट बिघडलंय का?"

मी गवती चहात कॅफिन नसतं इथपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटपर्यंत कप रिकामाही केला, माणूस सभ्य. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, "छान होतं हो. आता चहा टाका."

"केव्हाच ठेवलाय," आतून आई म्हणाली. मशीन चालू होतं म्हणजे. "आलं घातलंय. तू गॅलरीतून गवती चहाची दोन पाती आण कापून. ताजी हं, तुझी ती बरणीतली नकोत."