‘बिल देऊन काम करता, मग हक्क कसले?’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. फोटोग्राफरांच्या, आमच्या डिझाइनवाल्यांच्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या आणि गल्लीच्या ग्रुपवरसुद्धा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बिल देऊन किंवा नगावर काम करणारा माणूस कामगार नसतो, त्याला कामगार कायदे लागू होत नाहीत. लेखी करार नसेल तर पैसे मागता येत नाहीत. सही केली असेल तर त्यातलं सगळं पाळावंच लागतं. पैसे दिले की काम ते करून घेणाऱ्या पार्टीच्या मालकीचं. म्हणून मिळतंय ते घ्या, संबंध जपा.

सोलापुरात नीलम नगरातल्या एका अक्कांनी हा मेसेज वाचून शाळेच्या युनिफॉर्मच्या शिलाईचे साडेअकरा हजार रुपये सोडून द्यायचं ठरवलं. “बिल कुठं हाय आपल्याकडं, भाऊ?” एवढंच म्हणाल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, बिल दिलं आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापला म्हणजे तुम्ही धंदेवाले. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला हा आयकराचा हिशोब झाला. मालक-नोकराचं नातं आहे की नाही, हे कोर्ट प्रत्यक्ष कामावरून ठरवतं. वेळ कोण ठरवतं, माल कोण देतं, केलेलं काम नापास करून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार कोणाचा, तुम्ही करता ते काम त्या धंद्याचाच भाग आहे का, हे पाहिलं जातं. कागदावर ‘सल्लागार’ लिहिलंय की ‘कंत्राटदार’, हा शेवटचा शब्द नव्हे.

हे सोलापूरकराला तरी नव्याने सांगायला नको. आमच्या पूर्व भागात घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या जातात. माझ्या अम्माने तीस वर्षं वळल्या. पानं कारखान्याची, तंबाखू कारखान्याची, घर मात्र आमचं, आणि मजुरी हजार विड्यांमागे. आजच्या भाषेत तिला कोणीही फ्रीलान्सर म्हटलं असतं. पण १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांना कामगाराच्या व्याख्येतच घेतलं. कारखानदार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७४ साली कोर्टाने कायदा कायम ठेवला. पुढे पीएफ कायद्याखालीही घरी वळणाऱ्यांना कर्मचारी मानलं गेलं, अम्माचा फंड जमा झाला तो त्यामुळे. माझ्या बारावीनंतरच्या कोर्सची फी त्यातून भरली गेली.

शिलाईचं उदाहरण तर याहून जवळचं आहे. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७३ सालीच सांगितलं की नगावर मजुरी घेणारे शिंपीही दुकानाचे कर्मचारी ठरू शकतात. पुढे २०१९ मध्ये आपल्याच राज्यातल्या गोदावरी गारमेंट्सचं प्रकरण आलं. कंपनी कापलेलं कापड, दोरा, बटणं द्यायची, बायका घरी स्वतःच्या मशीनवर शिवायच्या. कंपनीचं म्हणणं होतं, या आमच्या कामगार नाहीत. सुप्रीम कोर्टाने त्यांना भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली कर्मचारी मानलं. काम घरी होतं याने फरक पडत नाही आणि माल नापास करण्याचा अधिकार कंपनीकडे होता, म्हणजेच नियंत्रणही तिचंच होतं, असं कोर्ट म्हणालं. अक्कांच्या घरात नेमकं हेच चित्र आहे.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. तुम्ही चार पार्ट्यांचं काम करता, दर तुमचा, वेळ तुमची, काम स्वतः करायचं की दुसऱ्याकडून करून घ्यायचं हेही तुमच्या हाती, तर तुम्ही खरोखर स्वतंत्र आहात. मग पीएफ, बोनस, भरपगारी रजा मागता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांचा, म्हणजे नोकरी नसताना सुटी कामं घेणाऱ्यांचा, उल्लेख आला, पण त्याने त्यांना किमान वेतन मिळत नाही. ही उणीव मोठी आहे आणि तिच्यासाठी भांडायला हवं. पण त्या संहितेतली गिग कामगाराची व्याख्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांची आहे. आत असलेल्या माणसाला नुसतं नाव बदलून बाहेर काढता येत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी दोन वर्षं ‘स्वतंत्र सल्लागार’ होतो. सकाळी दहाला अंगठा, सातला अंगठा, आजारी पडलो तर दिवस कट. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आज त्याची चीड येते.

दुसरा मुद्दा, लेखी करार नाही तर पैसे नाहीत. हे साफ चूक आहे. १८७२चा करार कायदा बहुतेक कामांसाठी कागद मागतच नाही, तोंडी व्यवहारही करारच असतो. दर ठरला नव्हता तरी, फुकट करायच्या हेतूने न केलेल्या कामाचा फायदा ज्याने घेतला त्याने मोबदला द्यायचा, असं त्याचं कलम ७० सांगतं. माझे टॉवेलच्या कॅटलॉगचे अडतीस हजार एका पार्टीने सात महिने अडकवले होते. माझ्याकडे करार नव्हता. एक व्हॉट्सॲप मेसेज होता: “दादा फायनल. छापायला टाका.” त्याखाली माझा दर आणि त्यांचा अंगठ्याचा इमोजी. वकिलांनी नोटिशीत तेवढंच मांडलं आणि तीन आठवड्यांत पैसे आले. त्यामुळे चॅट उडवू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. कोर्टात असा पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, वकील ते करून देतात. एरवी दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं असते.

स्वतंत्र काम करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, तीही करून ठेवावी. आधार आणि पॅनवर होते, फुकट आहे. काम घेण्याआधी केलेली बरी, नंतर केली तर वाद निघतात. नोंदणी असेल तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पार्टीला फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामागे चक्रवाढ. चाटी गल्लीत ‘नव्वद दिवसांची उधारी’ हा रिवाज असेल, कायदा तो मानत नाही.

सही केली की सगळं बंधनकारक, हा तिसरा मुद्दा. काम संपल्यावरही दोन वर्षं दुसऱ्या टॉवेलवाल्याचं काम करायचं नाही, असं कलम करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्दबातल आहे. काम चालू असतानाचं बंधन मात्र टिकू शकतं. कोर्टात जायचंच नाही हे कलमही चालत नाही. आणि दंड लाखाचा लिहिला म्हणून लाख द्यावे लागत नाहीत, कोर्ट वाजवी भरपाईच देतं.

मालकीचं तर उलटंच आहे. स्वतंत्र डिझायनरने केलेल्या लोगो-कॅटलॉगसारख्या डिझाइनचा किंवा लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लेखी करून दिल्याशिवाय पार्टीकडे जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. फोटोग्राफरांनो, तुमचं वेगळं आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, उलट ठरलं नसेल तर, त्याचाच होतो, आणि रंगवलेल्या चित्राचं किंवा पोर्ट्रेटचंही तसंच. तेव्हा तुम्ही आधी लिहून घ्या.

राहिलं संबंध जपायचं. परवा अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी मशीनच्या खणातून शंभर पानी वही काढली. तारीख, नग, दर, खाली माल नेणाऱ्या पोराची सही. “दोन शर्ट परत, कॉलर उसवून पुन्हा” हीसुद्धा नोंद. बिल नाही म्हणून हळहळणाऱ्या बाईकडे इतका पक्का पुरावा होता. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, म्हणून वहीच्या झेरॉक्स काढून आम्ही जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो. अर्ज दिलाय. ठेकेदाराला पत्र जाईल, मग समोरासमोर बसवतील. अक्कांनी वही मात्र तिथे ठेवू दिली नाही, पिशवीत घालून घरी आणली.