बांगड्या काढल्या, फोन राहिला

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण जुंपलं ते एका फोटोवरून. गावाकडच्या एका दवाखान्याच्या आयसीयूच्या दारावर कागद डकवलाय: ‘कर्मचाऱ्यांनी मोबाइल बाहेर ठेवावेत. मोबाइलमुळे जंतुसंसर्ग होतो.’ काका म्हणाले, उशिरा का होईना, अक्कल आली. भाचा सरकारी मेडिकल कॉलेजात रेसिडेंट आहे. त्याने एकच ओळ टाकली: ‘मग रात्री दोनला सरांना ईसीजी कबुतराच्या पायाला बांधून पाठवू का?’ वहिनीने संडासाच्या सीटपेक्षा मोबाइल घाण असल्याचं ते ठरलेलं कात्रण टाकलं आणि मग सगळे माझ्याकडे वळले. तू तिकडे नर्स आहेस ना, तिकडे कसं असतं ते सांग.

तिकडे, म्हणजे इंग्लंडात, माझी सुरुवात झाली ती बांगड्या काढण्यापासून. २००७ साली इथल्या आरोग्य खात्याने फर्मान काढलं, की पेशंटला हात लावणाऱ्याच्या कोपराखाली काही नको. लांब बाह्या नकोत, घड्याळ नको. साधी लग्नाची अंगठी तेवढी चालेल. सासूबाईंनी घातलेल्या दोन बांगड्या मी पहिल्याच दिवशी पर्समध्ये टाकल्या आणि पुढची दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर हात टेबलाखाली ठेवले. आणि ज्या सीनियर सिस्टरने माझी मनगटं तपासली, तिनेच तासाभरात खिशातून फोन काढून सलाइनच्या थेंबांचा हिशेब केला. फोन परत खिशात, हात परत पेशंटवर. मनगटावरचं घड्याळ घाण, खिशातलं चालतं. तेव्हा नवीन होते, बोलले नाही. पुढे मीही तेच करायला लागले.

आता जंतूंचं. तुर्कस्तानातल्या एका विद्यापीठ रुग्णालयात २०० कर्मचाऱ्यांचे हात आणि फोन तपासले होते. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात ९४.५ टक्के फोनवर जंतू सापडले. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाच्या मंडळींनी २०२० मध्ये २४ देशांतले ५६ अभ्यास एकत्र पाहिले, तर सरासरी ६८ टक्के निघाली. आकडे ऐकून काका खूश होतील. पण प्रयोगशाळेतल्या प्लेटवर उगवतं त्यातलं बरंचसं आपल्या कातडीवर नेहमी राहणारंच असतं. भीती असते ती त्यांच्यात मिसळलेल्या थोड्यांची: औषधांना दाद न देणारा स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकोकस जंतू, आयसीयूत ठाण मांडणारा असिनेटोबॅक्टर जंतू. तोही फोनवर सापडला म्हणजे फोनवरूनच पेशंटला लागला, हे सिद्ध होत नाही. फोनला पाय नसतात. तो हातातून हातात जातो, आणि हात जातो जखमेवर.

हे मी बाबांच्या हर्नियाच्या वेळी समोर बसून पाहिलंय. ड्रेसिंग करणाऱ्या पोराने ग्लोव्हज घातले, जुनी पट्टी काढली, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. त्याने ग्लोव्हजच्याच हाताने तो काढला, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, ‘हो सर, हो सर, पाठवतो’ म्हणाला, टाक्यांचा फोटो काढला, पाठवला आणि त्याच हातांनी नवी गॉज उचलली. ग्लोव्हज कुणाला वाचवत होते? त्याला. मी ‘अहो, ग्लोव्हज बदला ना’ म्हटलं तर बाबाच माझ्यावर डाफरले, डॉक्टरांना शिकवू नकोस म्हणून.

पण तो फोन त्याने चैनीसाठी काढला नव्हता. त्याच्या वॉर्डात सरांपर्यंत पोचायची दुसरी वाटच नव्हती. एक्स-रे, रिपोर्ट, रक्ताची पिशवी, रात्रीचा कॉल, सगळं व्हॉट्सॲपवर. दवाखाना ज्यावर चालतो तेच दाराबाहेर ठेवायला सांगणारा कागद तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागतो. भाच्याचं कबुतर मला म्हणूनच पटलं.

इंग्लंड यात पुढे आहे असं समजू नका. इथे कमरेला पेजर, म्हणजे फक्त निरोप आल्याचं कळवणारी जुनी डबी, लावायची पद्धत इतकी मुरली, की २०१९ साली आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांना २०२१ अखेरपर्यंत ते बंद करा असा हुकूम काढावा लागला. तेव्हा एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सुमारे १ लाख ३० हजार पेजर होते. तो पेजर शिफ्ट संपली की दुसऱ्याच्या कमरेला जायचा, आणि त्याला कुणी पुसल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्याच्यावर बातमी होत नाही, कारण वाचणाऱ्याच्या खिशात पेजर नसतो.

मला विचाराल तर बंदीचा कागद काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे जे पाच प्रसंग सांगितलेत, त्यातला पहिलाच ‘पेशंटला हात लावण्याआधी’ असा आहे. फोन ठेवला, सॅनिटायझरने हात चोळले, मग पेशंट. सहावा नियम लागत नाही. ग्लोव्हज घातले की फोन नाही. फोटो हवाच असेल तर दुसऱ्याने काढायचा. वॉर्डाचा म्हणून एक फोन द्या, कव्हर नसलेला, दर शिफ्टला ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा. ॲपलनेसुद्धा मार्च २०२० मध्ये आयफोन अशा वाइपने पुसायला हरकत नाही असं जाहीर केलं, तेव्हा ‘स्क्रीन खराब होते’ हेही कारण उरलं नाही. फक्त जुलाबाच्या वॉर्डात हे पुरत नाही. सी-डिफ या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला भीक घालत नाहीत, तिथे साबण-पाणीच, आणि तिथे माझा फोन लॉकरमध्येच राहतो.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला. भाच्याचं उत्तर रात्री उशिरा, त्याचा राउंड संपल्यावर आलं: ‘मावशी, वाइप कुठून आणू? इथे स्पिरिटचा बोळासुद्धा सिस्टर मोजून देतात. आणि आमच्या मजल्यावरच्या बेसिनला परवापासून पाणी नाही.’