उजनीचा मासा भोयांनी संपवला म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींच्या फोनवर एक मेसेज आला. वर मथळा 'उजनीचं कटू सत्य, प्रत्येकाने वाचावंच', खाली पाच मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. पाठवणारा त्यांच्याच वाडीतला, दर रविवारी दाजींकडून अर्ध्या भावात मासळी नेणारा. दाजी गेली तीस वर्षं उजनी धरणामागच्या भीमेच्या फुगवट्यात जाळं टाकतात. त्यांनी चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला, फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बघा पाव्हणं, समदा मासा म्याच खाल्लाय."

तोवर तोच मेसेज माझ्या फोनवर दोन ग्रुपांतून येऊन पडला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. भोयांनी, म्हणजे दाजींसारख्या मासे धरणाऱ्यांनी, बारीक जाळ्यांनी मासा संपवला. पुण्याचं मैलापाणी हे माशांचं खाद्य आहे, कोलकात्यात तर त्यावरच मासे पोसतात, ते बंद केलं तर उरलासुरला मासाही जाईल. २०२४ साली धरण उणे ६० टक्के झालं, म्हणजे पाणीच नव्हतं, तेव्हा मासे मेले. नदीत सोडलेलं पाणी फुकट कर्नाटकाला जातं. आणि चिलापी हा आपल्या भीमेचा मूळचा मासा, तो टिकलाय म्हणजे नदी ठणठणीत आहे.

मैलापाण्याच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं नुसतं अज्ञान आहे, हे विष आहे. 'खाद्य आहे' म्हणणाऱ्याने एकदा मृगाच्या पहिल्या पावसानंतर पहाटे फुगवट्याच्या कडेला येऊन उभं राहावं. मी दोन वर्षांपूर्वी दाजींबरोबर होडीत होतो. वरून उन्हाळाभर साठलेली घाण पहिल्याच लोंढ्यात धुऊन आली होती. पाणी काळसर, वर फेसाचे पुंजके, आणि उजाडायच्या आधी जिकडे बघावं तिकडे मासे तोंड वर काढून आ करत होते. दाजी म्हणाले, "आत्ता हातानं धरता येतील. पण धरत न्हाय आपण. मरणाऱ्याचं काय धरायचं?"

मासा आ का करतो, तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो म्हणून. घाण कुजते तेव्हा ती कुजवणारे जिवाणू तो ऑक्सिजन ओढून घेतात. मैल्यातल्या नत्र-स्फुरदामुळे पाणी पोपटी होतं, ते शेवाळ. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं खरं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा मासळीसाठीच्या पाण्याचा निकष अगदी साधा आहे. लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा आणि मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर नको. पुण्याचं पाणी भीमेत आणणाऱ्या मुळा-मुठेची शहराच्या खाली गत काय आहे ते त्याच मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. २०२२ च्या यादीत देशातले असे ३११ पट्टे होते आणि त्यातले सर्वाधिक, ५५, एकट्या महाराष्ट्रात. या शर्यतीत आपण पहिले.

आता मेसेजवाल्याने कोलकात्याचा दाखला दिलाय. तिथे खरोखर शहराच्या सांडपाण्यावर मासे पोसतात, हे कबूल करतो. पण तिथे ते पाणी उथळ तळ्यांत अडवून ठेवतात, ऊन आणि शेवाळ यांना त्यावर काम करू देतात आणि मग बेताबेताने माशांच्या तळ्यात सोडतात. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. आपल्याकडे नळ उघडा टाकून द्यायचा आणि त्याला मत्स्यशेती म्हणायचं. शिवाय इकडे येणाऱ्या पाण्यात पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचाही हात आहे, नुसता संडास नाही.

गंमत अशी की हेच पाणी भांडायला मात्र सोन्याच्या भावाचं असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातल्या २२ गावांसाठी उजनीतून ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उचलायला मंजुरी मिळाली. युक्तिवाद काय, तर पुण्याहून जेवढं सांडपाणी येतं त्याच्या बदल्यात हे पाणी, सोलापूरच्या वाट्याला धक्का नाही. सोलापूर जिल्हा पेटला, रस्त्यावर उतरला, आणि मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या जागी बरोबर होते, त्यात मला पडायचं नाही. पण त्या महिनाभरात 'सांडपाणी' हा शब्द शेकडो वेळा छापून आला, आणि ते कुठल्या अवस्थेत येतं यावर कुणी चकार शब्द काढला नाही. टीएमसी मोजायला सगळे पुढे, पाण्याचा वास घ्यायला कुणी नाही. तो वास दाजींच्या होडीत येतो.

चिलापीचा मुद्दा वाचून तर मी कपाळावर हात मारला. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा. भारतात तो १९५२ साली आणला गेला, आणि तो बाकीच्या माशांना जगू देत नाही हे ध्यानात आल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घातली गेली. बंदी कागदावर, चिलापी पाण्यात. ती घाण सोसते, कमी ऑक्सिजनमध्ये तगते, वीतभर व्हायच्या आत अंडी घालते आणि मादी ती अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते. असा मासा टिकला म्हणून नदी ठणठणीत म्हणणं म्हणजे घरात फक्त झुरळं उरली म्हणून घर नांदतं आहे म्हणण्यासारखं आहे. मरळही तगते, पण ती पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेते. उजनीवरच्या कित्येक चुली चिलापीवर पेटतात, हे खरं आहे आणि त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिला भीमेची लेक म्हणू नका.

भीमेच्या खऱ्या लेकी कोण, हे शोधायला फार लांब जायला नको. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरून सरकारसाठी आकडेवारी गोळा करत होता. त्याला माशांचाही नाद होता. १८३९ साली त्याने इथल्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं कानाला आली तशी ठेवून दिली. खुद्री, कोलुस, नुक्ता, सांडखोल, रोहटी. आजही जगभरचे शास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला 'टॉर खुद्री' म्हणतात, आणि साईक्सला तो मिळाला पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेत. ज्या पट्ट्यात आज नाक धरून पूल ओलांडावा लागतो, तिथे वाहत्या स्वच्छ पाण्याशिवाय न जगणारा महसीर होता. नुक्ता आणि सांडखोल आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेले आहेत. दाजींना मी ही नावं वाचून दाखवली. खुद्रीला ते खडशी म्हणाले, वडिलांनी धरलेली आठवते म्हणाले. सांडखोल त्यांनी ऐकलेलाही नव्हता.

आणि रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. त्यांचं बीज सोडावं लागतं, कारण साठलेल्या पाण्यात ते विणत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. आपल्या मूळच्या माशांतल्याही कित्येकांना पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढायचं असतं. १९८० पासून मधे धरणाची भिंत उभी आहे आणि तिला माशांसाठी वाट ठेवलेली नाही.

आता जाळ्यांबद्दल. इथे मला थोडं गिळावं लागेल. बारीक आसाची जाळी उजनीत चालतात, वडाप नावाचं ओढजाळं टाकून बोटभर पिल्लंसुद्धा ओढून काढतात, आणि ते बंद व्हायलाच हवं. दाजी स्वतः त्यांना शिव्या घालतात. पण जाळ्यानेच मासा संपला असता तर सगळ्यात आधी चिलापी संपली असती, कारण जाळ्यात सगळ्यात जास्त तीच येते. खडशी आणि नुक्ता वडापाने नेले असं म्हणणाऱ्याने वडाप पुण्याच्या संगमापर्यंत टाकून दाखवावं. हल्ली तर नवाच पाहुणा आलाय, सकर मासा. काचेच्या टाकीतून कुणीतरी सोडलेला, अंगावर कवचासारखे काटेरी खवले, खायला कोण घेत नाही आणि जाळं मात्र फाडतो. तोही भोयांनी आणला म्हणायचं का?

उरलेले दोन मुद्दे उभ्या-उभ्या. उजनी भरली की ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, आणि ५३ च्या आसपास उपयुक्त. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. उणे ६० म्हणजे मृतसाठ्यातलं निम्मं गेलं, तरी ३० टीएमसीच्या वर शिल्लक होतं. एरवी पाण्याखाली असणारं पळसदेवचं देऊळ उघडं पडलं म्हणून धरण कोरडं होत नाही. हां, त्या उरलेल्या गाळपाण्यात मासा कोंडला, उन्हाने तापला, हे खरं. आणि नदीतून सोडलेलं पाणी पंढरपूर-सोलापूरच्या पिण्यासाठी सीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत जातं. वाटेत बरंच मुरतं, ती वेगळी बोंब. पण सोलापूरकरानेच ते 'कर्नाटकाला फुकट' म्हणून पुढे ढकलावं, म्हणजे कमाल झाली.

हे सगळं मी मोडकंतोडकं टाईप करून त्याच ग्रुपवर टाकलं. पाठवणाऱ्याने नुसता अंगठा दाखवला. शनिवारी रात्री त्याचा दाजींना फोन, मी शेजारीच बसलो होतो. "दाजी, या खेपेला मरळ हाय का वो?"

"न्हाय," दाजी म्हणाले. "चिलापी हाय. किती ठेवू?"