जळकं ऑइल फवारा आणि दहा वर्षं गंज विसरा? दाजी, पंप खाली ठेवा आधी

ट्रकच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून काय करावं याचा तो लांबलचक मेसेज बरेच दिवस इकडून तिकडे फिरतोय आणि मी तो बघून सोडून देत होतो. पण काल तो दाजींनी पाठवला, वर स्वतःची ओळ टाकून, "रविवारी करून बघतो, ऑइल पडलंयच ड्रममध्ये". दाजींची गाडी म्हणजे त्यांचं पोट आहे, आणि ती चालवणारा पोरगा माझा भाचा आहे, त्यामुळे आता लिहितोच.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, मेसेज थोडक्यात असा. चॅसीवरचा (म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा) मातीचा थर काढू नका, ते नैसर्गिक कवच आहे. जळकं, म्हणजे इंजिनमधून बदलून काढलेलं ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं करून फवारणी पंपाने खालून सगळीकडे मारा, "ब्रेकसकट, एक इंच सोडू नका", दहा वर्षं गंज नाही. पावसात गाडी खालून आपोआप धुतली जाते. तरी धुवायचीच असेल तर गाडी आल्या आल्या, गरम असतानाच, प्रेशरचं पाणी जवळून मारा आणि ॲसिड वापरा म्हणजे चकाचक. गंज दिसलाच तर त्यावर जाड काळं कोटिंग मारून टाका. आणि सगळ्यात शेवटी बॅटरीला जोडायच्या एका डबीची जाहिरात, ती जोडली की गंजच लागत नाही म्हणे. मग आधीचं सगळं कशाला करायचं हे मात्र लिहिलेलं नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांचं आपसातच जमत नाही. मातीचा थर ठेवायचा असेल तर ऑइल मारायचं कशावर, मातीवर? लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा.

मातीचं आधी उरकतो. गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं, आणि पाणी जितका जास्त वेळ चिकटून राहील तितकं त्याचं काम सोपं. चॅसीवर चिखल ठेवणं म्हणजे लोखंडाला ओलं पोतेरं गुंडाळून ठेवणं. वरून सुकलेला दिसतो, पण बोटाने उकरून बघा, आत दोन दोन दिवस ओल असते. चॅनेलच्या (चॅसीच्या लांब उभ्या तुळईच्या) खालच्या पट्टीवर आतल्या बाजूने, क्रॉस मेंबर म्हणजे आडवी तुळई जिथे चॅसीला जोडलीय त्या कोपऱ्यात, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरच्या मागे, ब्रेकच्या एअर टँकच्या पट्ट्यांखाली, सगळ्यात जास्त चिखल तिथेच साचतो आणि सगळ्यात आधी खपल्या तिथेच निघतात, हा योगायोग नाही. त्यात गाडी समुद्राकाठच्या किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर चालत असेल तर विषयच संपला. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि बर्फासाठी टाकतात ते मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांनाच. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी हवासुद्धा त्याला पुरते. असलं कवच नको आपल्याला.

आता जळक्या ऑइलचं. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसताना. तेलाचा थर लोखंडावर असेल तर पाणी आणि हवा पोचत नाही आणि गंज थांबतो, हे खरंच आहे. बाजारात मिळणारे न सुकणारे तेलाचे स्प्रे, लॅनोलिनवाले (मेंढीच्या लोकरीतलं मेण), मेणवाले, सगळ्यांचं तत्त्व तेच आहे. म्हणून जुने लोक सांगतात "आम्ही मारायचो, चॅसी अजून टिकून आहे" ते अगदीच खोटं नसतं. पण ते तेल कुठलं, कुठे मारलं आणि त्यातून काय काय निघालं, ते कोण सांगणार?

जळकं ऑइल म्हणजे नुसतं काळं झालेलं तेल नव्हे. त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचे कण असतात, न जळलेलं इंधन असतं, पाणी असतं आणि इंधन जळून तयार झालेली आम्लं असतात. नव्या ऑइलमध्ये ही आम्लं मारायला ॲडिटिव्ह असतात, ते वापरात संपत जातात, ऑइल बदलण्याचं ते एक कारणच आहे. म्हणजे ज्या ऑइलला इंजिनने नको म्हणून बाहेर काढलं ते आपण चॅसीला औषध म्हणून लावायचं. वर त्यात डिझेल घालायचं, जे सांध्यांमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि कंपनीने मारलेलं डांबरी कोटिंग असेल तर तेही मऊ करून सोडतं.

आणि हे फवारायचं, गाडीखाली पाठीवर झोपून, तोंडावर. इथे मला चीड येते. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था आहे, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह. गॅरेजवाल्यांसाठी त्यांची सूचनाच आहे की वापरलेल्या इंजिन ऑइलचा वारंवार आणि जास्त वेळ संपर्क आला तर त्वचेचे विकार होऊ शकतात, त्वचेच्या कॅन्सरसकट. ती सूचना हातांनी ऑइल बदलणाऱ्यांसाठी आहे. इथे तर त्याचा फवारा करून डोळ्यात, नाकात आणि केसात घ्यायचा सल्ला देतायत, आणि ते करणार कोण, तर वीस बावीस वर्षांचा क्लीनर, ना हातमोजे ना चष्मा, काम झाल्यावर हात डिझेलनेच धुणार. पुढे पहिल्या पावसात त्यातलं निम्मं जमिनीवर आणि तिथून नाल्यात किंवा विहिरीत. जळकं ऑइल शुद्ध करून परत वापरता येतं, गोळा करणारे ते घेऊन जातात, त्यांना द्या ना.

"ब्रेकसकट" हा शब्द ज्याने लिहिला त्याला एकदा भरल्या गाडीत घाट उतरायला बसवलं पाहिजे. ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणारा थर, चालतो घर्षणावर. त्यात तेल मुरलं की त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो, दुसऱ्या बाजूचा पुरा लागतो आणि गाडी एका अंगाला ओढते. ओढतेय हे कळेपर्यंत वळण आलेलं असतं. गंमत म्हणजे ब्रेकमध्ये गंजाचा त्रास खरा आहे, पण तो वेगळा. ब्रेक शूची पट्टी आणि वरचा लायनर यांच्या फटीत मिठाचं पाणी शिरतं, आत गंज धरतो आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते, त्यामुळे तो लायनरला आतून वर उचलतो. रिव्हेटच्या मधल्या भागात लायनर फुगतो आणि मग तडकतो. यावर इलाज म्हणजे शू चांगला साफ करून, नीट कोटिंग केलेला बसवणं आणि ब्रेक ड्रमच्या खिडकीतून टॉर्च मारून वेळोवेळी बघणं. तेल नाही!

रबराचंही तेच. नैसर्गिक रबर मिनरल ऑइलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं, म्हणजे एक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडचे रबरी बुश, केबिनचे आणि इंजिनचे माउंटिंग, एअर सस्पेन्शन असेल तर त्याचे फुगे, सगळ्यांचं आयुष्य कमी. आणि सायलेन्सर? नव्या गाड्यांमध्ये काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतलं तापमान 550 ते 600 अंश सेल्सिअसच्या घरात जातं. त्याच्या आजूबाजूला डिझेल आणि ऑइलने माखलेली माती ठेवायची, वा.

पण मला विचाराल तर ऑइल फवारण्याचा सगळ्यात मोठा तोटा लगेच दिसत नाही. त्यावर धूळ बसते आणि आठवडाभरात खालून सगळं एकसारखं काळं चिकट होतं. मग चॅसीला गेलेली तड दिसत नाही. चांगला मिस्त्री तड शोधतो ती रंगावरून निघालेल्या बारीक तांबूस रेघेवरून, आणि ढिला झालेला यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारा) किंवा रिव्हेट ओळखतो त्याच्या कडेने ओघळलेल्या गंजाच्या डागावरून. हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या गिअरपेटीच्या) सीलमधून ऑइल झिरपायला लागलंय, शॉकॲब्सॉर्बर लीक आहे, हे तर स्वच्छ कोरड्या लोखंडावरच कळणार. सगळीकडे आपणच तेल मारून ठेवलं तर लीक कुठला आणि आपला कुठला? गाडी खालून धुवायची ती मुळात बघता यावं म्हणून, गंज कमी होणं हा वरचा फायदा.

पावसाने गाडी धुतली जाते म्हणणाऱ्याने पावसातून आलेल्या गाडीखाली कधी वाकून बघितलेलं नाही, एवढंच.

धुण्याबद्दल मात्र दोन शब्द, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. गरम हाउसिंगवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) नाहीतर सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं, मग पुढच्या वेळी प्लग उघडला की गिअर ऑइल दुधाळ. म्हणून गाडी आधी थंड होऊ द्या. प्रेशर मारा, पण पंख्यासारखं पसरणाऱ्या नोझलने, आणि चाकाच्या हबचे सील, प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, सेंटर बेअरिंग, वायरिंगचे सॉकेट, एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर यांच्यापासून फूटभर तरी लांब. चॅनेलच्या आतून, वरून खाली. पाणी निघून जायची भोकं बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. मग गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे पाणी झटकलं जातं आणि ब्रेकही सुकतात, धुऊन तशीच बंद शेडमध्ये लावली तर धुतल्याचा अर्धा फायदा गेला. आणि धुतल्यावर ग्रीस मारायचंच, ग्रीस भरायच्या प्रत्येक निप्पलला, जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

ॲसिड नको म्हणजे नको. हायड्रोक्लोरिक ॲसिडने लोखंड एक दिवस पांढरंशुभ्र दिसतं, पण फटींमध्ये क्लोराइड राहतं आणि आठवड्यात आधीपेक्षा जास्त गंज धरतो. बोल्टवरचं जस्त जातं, ॲल्युमिनियमची टाकी खाल्ली जाते, आणि पाट्यांसारख्या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. पाटा तुटायला एवढं कारण पुरे.

जाड काळ्या कोटिंगचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, कोटिंग वाईट नाही, गंजावर मारणं वाईट आहे. खाली गंज आणि ओल तशीच, वर रबरासारखा थर, एखाद्या दगडाने तो थोडा फाटला की पाणी आत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. वरून दोन वर्षं छान काळं दिसतं आणि एक दिवस हातोडी मारली की टण्ण आवाज येण्याऐवजी भद्द. करायचं असेल तर खपल्या खरवडून वायर ब्रश मारा, तेलकटपणा काढा, फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर लावा (हे ॲसिड त्या कामासाठीच बनवलेलं असतं, वरच्याशी गल्लत नको), पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. चॅनेलच्या आत आणि दुहेरी चॅसीच्या फटीत मेणाचा किंवा लॅनोलिनचा स्प्रे चांगला, तो फटीत शिरतो, पण दरवर्षी परत मारावा लागतो, दहा वर्षं टिकणारं काही नसतं. आणि प्रोपेलर शाफ्टवर जाड कोटिंग चुकूनही नको, एका बाजूला थापलं गेलं की बॅलन्स जातो आणि गाडी थरथरते.

डबीबद्दल फार लिहीत नाही. वीज वापरून गंज थांबवता येतो, जहाजाच्या तळाला आणि जमिनीखालच्या पाइपलाइनला करतातच, पण तिथे लोखंड आणि समोरचा ॲनोड (करंट सोडणारा धातूचा तुकडा) दोन्ही एकाच पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात, म्हणून करंट पुरा फिरतो. ट्रक हवेत उभा असतो. पुढे काही बोलायची गरज नाही.

ज्यांनी आधीच ऑइल फवारून ठेवलंय त्यांनी हातमोजे घालून, डिग्रीझर मारून, जिथे तेलपाणी वेगळं होऊन जातं अशाच वॉशिंगला गाडी धुवावी आणि सगळे ब्रेक ड्रम उघडून बघावेत. लायनरला तेल लागलेलं असेल तर ते भट्टीवर किंवा गॅसने जाळून परत बसवतात तसं करू नका, मुरलेलं तेल गरम झाल्यावर परत वर येतं. लायनर बदलायचे, आणि एका एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम. दाजी, तुमच्या ड्रममधलं ऑइल न्यायला कोण येतं त्याचा नंबर मी पाठवतो, तोवर झाकण घट्ट लावून ठेवा.